आंब्याच्या पेटीची माटवी

आंबे खाऊन झाले की पेटीचं तुमच्या घरी काय होतं?

आमच्याकडे काय व्हायचं ते सांगतो. मे महिनाभर पेटीचा थाट असायचा. खाटेखाली तिची खास जागा, रोज संध्याकाळी पेंढा बाजूला सारून "आज कुठला पिकला?" म्हणून होणारी तपासणी! जून उजाडला की तीच पेटी गॅलरीत जायची. तिथे पावसाचे शिंतोडे खात पडायची. मग एखाद्या दिवशी आई तिच्या फळ्या मोडून बंबात घालायची आणि आमची आंघोळ व्हायची. हापूसच्या पेटीवर तापलेलं पाणी! पण आंघोळीला आंब्याचा वास काही येत नसे, हे मी हुंगून पाहिलेलं आहे.

यंदा कुठे लाकडी पेटी दिसली, तर ती मोडू देऊ नका. हल्ली पुठ्ठ्याची खोकी जास्त दिसतात हे खरं, पण फळवाल्यांकडे विचारलंत तर लाकडी पेटीही मिळून जाते. त्या पेटीपासून आपल्याला गणपतीसाठी माटवी करायची आहे.

माटवी म्हणजे काय, हे सिंधुदुर्गातल्या मुलांना विचारायची गरज नाही. गोव्यातली मुलं म्हणतील, "अहो, ती तर आमची माटोळी!" पण पुण्या-नागपूरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. गणपतीच्या मूर्तीच्या बरोबर वर एक लाकडी चौकट टांगतात. तिला आडव्या-उभ्या पट्ट्या असतात, म्हणजे साधारण खिडकीच्या जाळीसारखी. फक्त आडवी धरलेली. त्या पट्ट्यांना नारळ, सुपारीचे घोस, काकड्या, चिबूड, केळी, आंब्याचे टाळे आणि रानातली रंगीबेरंगी फळं-फुलं बांधतात. बाप्पाच्या डोक्यावर भाद्रपदातलं अख्खं रान लोंबत असतं म्हणा ना! गोव्यात तर सरकारचं कला आणि संस्कृती खातं दरवर्षी माटोळीची स्पर्धा घेतं. तिथे लोक शेकडो वनस्पती गोळा करून गरुड, मोर असे आकारसुद्धा रचतात.

गंमत अशी की या सजावटीतली फळं-पानं दरवर्षी नवी असतात, पण लाकडी चौकट तीच. गावाकडच्या घरात ती धुराने काळी झालेली असते. चतुर्थीच्या आधी धुवायची, वाळवायची, टांगायची. सण झाला की पुन्हा माळ्यावर.

आता थर्माकोलच्या मखराचं आठवा. तुमच्या आईबाबांच्या लहानपणी घरोघरी ती मखरं असायची. दिसायला सुरेख, वजनाला हलकी. पण दहा दिवसांनी त्यांचं करायचं काय? थर्माकोल कुजत नाही. तुकडे होतात आणि ते तुकडे नाल्यात, खाडीत, समुद्रात फिरत राहतात. 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकच्या कित्येक वस्तूंबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी घातली. तेव्हा "आता मखर कशाचं करायचं?" असा प्रश्न पुष्कळांना पडला होता. कोकणातल्या माळ्यांवर त्याचं उत्तर धूळ खात पडलेलं होतं.

चला, आता कामाला लागू. करवत, हातोडा आणि टांगणं ही तीन कामं आई, बाबा, मामा, काका यांपैकी कुणीतरी शेजारी असतानाच करायची. हे मी उगाच म्हणत नाही. का, ते पुढे कळेलच.

पहिलं काम म्हणजे लाकूड वाचणं. हो, लाकूडही वाचता येतं! एखाद्या फळीला बारीक बारीक भोकं दिसतात का बघा. फळी पांढऱ्या कागदावर आपटा. भोकांतून पिठासारखी ताजी पूड पडली तर आत किडा अजून जेवतो आहे. अशी फळी घरात आणूच नका. भोकं आहेत पण पूड नाही, तर किडा बहुधा जेवून निघून गेलेला असतो. तरी ती फळी वजन पेलायला घेऊ नका.

आंब्याची पेटी नाहीच मिळाली, तर यंत्रांच्या किंवा टाइल्सच्या दुकानाबाहेर पिवळसर लाकडाची खोकी पडलेली असतात. परदेशातून आलेल्या खोक्यावर एक शिक्का सापडेल. त्यात गव्हाच्या लोंबीचं चित्र असतं आणि बाजूला देशाची दोन इंग्रजी अक्षरं. जर्मनीची डी-ई, चीनची सी-एन आणि आपली आय-एन. त्याखाली 'एचटी' किंवा 'एमबी' असं लिहिलेलं असतं. लाकडातून एका देशातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून 2002 मध्ये ठरलेला हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. एचटी म्हणजे लाकूड आतपर्यंत 56 अंश सेल्सिअसला निदान 30 मिनिटं तापवलेलं. ते आपल्याला चालेल. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते नको. दुकानदारकाकांना एकदा हा शिक्का वाचून दाखवा. ते तुम्हाला दोन खोकी जास्त देतील!

आणखी एका लाकडापासून लांब राहा. जुन्या दारा-खिडक्यांची रंगवलेली फळी छान दिसते, पण जुन्या तेलरंगांत शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा आली ती 2017 च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीचा रंग घासला की त्याची धूळ नाकातोंडात जाते आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट. रंगीत फळी तशीच राहू द्या, घासू नका.

लाकूड मिळालं की ते वाळवायचं. ऐन पावसात लाकूड कसं वाळणार, असं म्हणाल. घरात, भिंतीपासून जरा दूर, फळ्या एकीवर एक रचा. मात्र दोन फळ्यांमध्ये काड्या ठेवा, म्हणजे वारा खेळेल. वाळलं की नाही हे कळायला एक युक्ती आहे. एका फळीवर खूण करा आणि दर रविवारी वाण्याच्या काट्यावर तिचं वजन करून वहीत लिहा. पहिले काही रविवार वजन उतरत जाईल. ज्या रविवारी ते उतरायचं थांबेल, त्या दिवशी फळी तयार. ओल्या लाकडाला खिळा मारला तर लाकूड आटल्यावर तो सैल होतो, म्हणून हा सगळा खटाटोप.

मग खिळे काढायचे. सुतार बारीक खिळ्यांना 'चुका' म्हणतात. आंब्याच्या पेटीत चुका फार, हे आधीच सांगून ठेवतो! फळी ओढून उपटू नका, ती टोकाला फाटते. फळीच्या मागून हातोडीने हलकेच ठोका, म्हणजे चुकेचं डोकं थोडं वर येईल. मग मागे दोन नखं असलेल्या हातोड्याने ती काढा. नखांखाली लाकडाचा एक तुकडा ठेवलात तर फळीवर वळ उठत नाही. काढलेल्या चुका दगडावर ठेवून सरळ करा आणि डबीत भरा. पायात चप्पल हवीच. गंजका खिळा लागला तर धनुर्वात होतो असं म्हणतात. खरं तर गंजाने तो होत नाही. माती, धूळ आणि शेणात राहणाऱ्या जिवाणूंमुळे होतो, आणि ते खिळ्याबरोबर जखमेत खोल जातात. म्हणून तर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी त्याची लस टोचतात. तुमची राहिली आहे का, हे आईला आजच विचारा.

आता माझी फजिती ऐका.

मी तेव्हा सातवीत होतो. आम्ही परळच्या चाळीत राहायचो. गणपतीला कधी गावी जायला मिळे, कधी नाही. त्या वर्षी जायचं नव्हतं, म्हणून मी जाहीर केलं, "या वर्षी इथेच माटवी लावायची आणि ती मी करणार!" आंब्याच्या पेटीचे कोपऱ्यातले दोन जाड दांडे घेतले. त्यांना आडव्या पट्ट्या ठोकायच्या होत्या. पट्ट्या दांड्यांच्या वर ठेवल्या, तर खाली बसलेल्या माणसाला ते जाड, ओबडधोबड दांडे दिसणार. मला ते आवडेना. मग मी पट्ट्या दांड्यांच्या खालून ठोकल्या. खालून बघितलं की नुसत्या सुबक पट्ट्या! दांडे लपले. मी खूश.

चतुर्थी नीट पार पडली. दुसऱ्या दिवशी रात्री आरती झाली. माझी धाकटी बहीण, तेव्हा चार वर्षांची, बाप्पाच्या अगदी पुढ्यात बसून होती. आईने प्रसादाला हाक मारली म्हणून ती उठली. दारापर्यंत पोचली नसेल, तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला. एका बाजूच्या सगळ्या पट्ट्या सुटून खाली लोंबत होत्या. नारळ घरंगळत खाटेखाली गेला होता. दुसरा नारळ पडला होता तो बरोबर तिच्या आसनावर.

मूर्तीला काही झालं नव्हतं. पण खोलीत कुणी काही बोलेना. शेजारच्या काकू "अपशकुन" असं काहीतरी पुटपुटल्या. मी तर भिंतीला टेकून उभा होतो, पाय हलेनात. आई बहिणीला इतकी घट्ट धरून बसली होती की ती "सोड ना गं" म्हणून रडायला लागली.

आजोबा गावाहून आले होते. ते उठले, उरलेली माटवी खाली उतरवली, उलटी केली आणि चष्मा कपाळावर चढवून बघत बसले. मला वाटलं, आता मार बसणार. त्यांनी मला शेजारी बसवलं. म्हणाले, "खिळ्याचो काय दोष नाय रे झिला. पट्टी वर घालूक व्हयी होती, तू ती खाली घातलंस."

त्यांनी एक खिळा अर्धा लाकडात ठोकला आणि म्हणाले, मोड बघू. बाजूने ढकलला तर तो जेमतेम वाकला. पण नखं लावून सरळ ओढला तर सुळ्ळकन बाहेर. बस्स! खालून ठोकलेल्या पट्टीला नारळ बांधला की तो नारळ चोवीस तास खिळ्याला सरळ खाली ओढत असतो. खिळा मिलिमीटर मिलिमीटर सरकत जातो. पण तीच पट्टी दांड्याच्या वर ठेवली तर वजन तिला दांड्यावर दाबतं. खिळा नसला तरी ती पडणार नाही. खिळ्याचं काम फक्त तिला इकडेतिकडे सरकू न देण्याचं.

त्या रात्री दहा वाजता आम्ही दोघांनी पट्ट्या वरून बसवल्या. जाडे दांडे खालून छान दिसत होते, असं म्हणणार नाही. पण दिसत होते, आणि ते दिसले की मला बरं वाटत होतं.

तर आपली माटवी अशी. पेटीच्या कोपऱ्यातले फूटभर लांबीचे दोन जाड दांडे घ्या. ते एकमेकांना समांतर, सव्वा फुटाच्या अंतरावर ठेवा. त्यांच्या वर (पुन्हा सांगतो, वर!) दीड फुटाच्या पाच लांब पट्ट्या आडव्या मांडा. दोन पट्ट्यांमध्ये दोन बोटं जातील एवढी फट ठेवा. प्रत्येक पट्टी दोन्हीकडे थोडी पुढे येऊ द्या, म्हणजे खिळा अगदी टोकाला मारावा लागत नाही. टोकाला मारला की लाकूड उभं फाटतं. तरीही फाटण्याची भीती वाटली तर खिळ्याचं टोक हातोडीने ठोकून बोथट करा. अणकुचीदार टोक लाकडाचे धागे पाचरीसारखं फाकवतं. बोथट टोक ते चिरडून वाट काढतं. दोन खिळे मारायचे तर एकाच शिरेवर मारू नका, तिरके मारा.

या पाच पट्ट्यांवर तीन आखूड पट्ट्या उलट्या दिशेने ठेवा. इथे खिळेच नकोत. जिथे जिथे पट्टी पट्टीला ओलांडते तिथे सुतळीचे फुलीसारखे वेढे घालून आवळा. एनसीसी किंवा स्काउटमधल्या ताईला ही गाठ नक्की येत असेल. सुतळी दिसायलाही छान दिसते, उगाच चमकीच्या फिती लावू नका.

दोन्ही दांड्यांच्या टोकांना, टोकापासून बोटभर आत, कानशीने गोल खाच पाडा. टांगायची दोरी या खाचेत, दांड्याच्या खालून वेढा घेऊन बसली पाहिजे. म्हणजे काय झालं? फळांचं वजन पट्टीवर, पट्टी दांड्यावर, दांडा दोरीवर. या सगळ्या साखळीत खिळा कुठेच नाही.

टांगायची कुठे? झोपाळ्याच्या कड्या असतील तर उत्तमच. पंख्याच्या हुकाला मात्र अजिबात नाही. काहीच नसेल तर जुन्या मच्छरदाणीचे दांडे शोधा. चार दांडे टेबलाच्या चार पायांना, प्रत्येकी दोन जागी, सुतळीने करकचून बांधा. वर दोन आडवे दांडे बांधले की मांडव तयार. तो डुगडुगला तर मागच्या बाजूला एक दोरी तिरकी ताणून बांधा.

आणि आता परीक्षा. माझ्या घरच्या माटवीवरच्या वस्तू मी एकदा तोलून पाहिल्या. सोललेला नारळ अर्ध्या किलोच्या आसपास, न सोललेला त्याच्या दुपटीहून जड, केळ्यांचा फणा आणखी किलोभर. सगळं मिळून सहा किलो झालं. मग परीक्षा घ्यायची ती बारा किलोंची, म्हणजे दुप्पट. वजनं कुठून आणायची? एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. एक लिटरच्या बारा बाटल्या भरा आणि माटवीला टांगा. बाटल्या रात्रभर लटकू द्या. खाली काही ठेवू नका आणि कुणाला बसू देऊ नका. सकाळी दांड्यांचे सांधे, दोरीच्या गाठी, पट्ट्यांचे कडे नीट बघा. कुठे एक चीरही दिसली तर ती पट्टी बदला. बाप्पा येण्याआधी हे केलेलं बरं. मी नंतर केलं.

आता घासकाम. 80 नंबरच्या पॉलिशपेपरने आधी, मग 120 नंबरने. लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा, आडवं नाही. नाकाला रुमाल बांधा. पण फार गुळगुळीत करायच्या नादी लागू नका. खिळ्यांची जुनी भोकं, करवतीचे वळ, पेंढ्याने पडलेले डाग राहू देत. बागायतदाराच्या नावाचे ठसे असतील तर ते तर मुळीच घासू नका.

रंग नको. जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवलात की फळीचा रंग खुलतो. पण एक सावधगिरी आहे. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका! जवसाचं तेल वाळतं ते हवेतला प्राणवायू घेऊन, आणि त्यात उष्णता निर्माण होते. चुरगळलेल्या चिंधीत ती कोंडली की चिंधी आपोआप पेटू शकते. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. म्हणून चिंधी बाहेर, दोरीवर पसरून वाळवा. हे काम सणाच्या निदान दोन-तीन आठवडे आधी उरका.

माटवीला काय बांधायचं, हे तुम्ही राहता कुठे त्यावर ठरवा. कोकणात शेरवडाची पांढरी पानं, कवंडळाची लालभडक फळं, हरणाची पिवळी फुलं मिळतील. तिथे बांधायलाही मुरुडशेंगेच्या सालीचा दोर वापरतात, त्याला केवण म्हणतात. शहरात असाल तर बाजारातल्या काकड्या, दोडके, भेंड्या, मक्याची कणसं, लिंबं, मिरच्या काय वाईट आहेत? लातूरकडचा कुणी ज्वारीचं कणीस बांधील तर मला तरी फार आवडेल. फक्त कळलावीची लाल-पिवळी फुलं आणि कवंडळ लहान भावंडांच्या हाताला लागू देऊ नका. दोन्ही देखणी आहेत, पण विषारी. रानातून आणताना फांदी घ्या, मुळासकट वेल उपटू नका. समई माटवीच्या खाली नको, बाजूला. तिसऱ्या दिवसापासून आंब्याची पानं वाळायला लागतात.

जड वस्तू कुठे बांधायच्या? दांड्यांच्या जवळ. मध्यभागी हलकी फुलं. आणि मूर्तीच्या बरोबर वर नारळ नकोच. आजोबांनी तो नेहमी भिंतीच्या बाजूला बांधला, आणि बहीण कुठे बसली आहे ते पाहून मगच गाठ मारली.

विसर्जनानंतर फळं उतरवून वाटून टाकायची, सुतळी सोडून गुंडाळून ठेवायची, लाकूड ओल्या फडक्याने पुसून वाळवायचं. आमची परळची माटवी आता माझ्या घरी आहे. फाटलेल्या पट्टीला मागून एक ठिगळ लावलेलं आहे. तेव्हा पेटीच्या एका फळीवर निळ्या शाईत 'देवगड' असा ठसा होता आणि मी ती फळी मधोमध कापून दोन आखूड पट्ट्या केल्या होत्या. रात्री दहा वाजता घाईघाईत त्या परत बसवताना कोणती कुठे, हे कुणी पाहिलं नाही. त्यामुळे एका कडेला 'गड' गेलं आणि 'देव' आलं बरोबर मूर्तीच्या डोक्यावर. दर्शनाला येणारे पाहुणे वर बघतात आणि विचारतात, "हे मुद्दाम लिहून घेतलंत का हो?"

मी आपला हो म्हणतो.